आकाशगंगेचं सस्पेन्स खातं



दशलक्षण पर्वातल्या पारण्याच्या पदार्थांबद्दल अजून लिहायचं राहिलं आहे, ते पुढच्या वेळी नक्की. आज विषय जरा वेगळा आहे. आमच्या स्वाध्याय मंडळाच्या ग्रुपवर पर्वाच्या आधी एक मेसेज फिरला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणींकडेही आला असेल. त्यात लिहिलं होतं की विज्ञानाला आकाशात जे ‘डार्क मॅटर’ सापडलं, तेच आपलं धर्मद्रव्य आहे. जे शास्त्रज्ञांना आज कळलं ते आपल्या आचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा. खाली हात जोडलेली तीस-चाळीस चित्रं.

मी हात जोडले नाहीत. मी लिहिलं, “ताई, हे दोन्ही एक नाहीत.” त्यावर मंडळात बरंच काही झालं. एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, “तुमचं बी.कॉम. श्रद्धेच्या आड येतंय.” आता चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीचं माझं बी.कॉम. कुणाच्या आड येण्याइतकं धडधाकट राहिलेलं नाही. पण मला बोलणं भाग होतं, कारण माझी नात दहावीला आहे. तोच मेसेज पाठशाळेत कुणीतरी मोठ्यांदा वाचून दाखवला, तिने तो शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना सांगितला, आणि वर्गात हशा झाला. त्यानंतरच्या रविवारी ती पाठशाळेला गेली नाही. मला विचारलं, “आज्जी, पाठशाळेत सगळंच असं सांगतात का?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न मेसेजपेक्षा फार मोठा आहे. म्हणून मी आधी नीट वाचलं, मुलाकडून काही व्हिडिओ लावून घेतले, आणि मगच तिच्याशी बोलले. मला जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

सगळी भानगड एका साध्या प्रश्नापासून सुरू होते. तारे आकाशगंगेच्या मध्याभोवती किती वेगाने फिरतात?

आपला सूर्य एका जागी बसलेला नाही. तो सगळं बिऱ्हाड, म्हणजे पृथ्वी, चंद्र, शनी, गुरू, बरोबर घेऊन आकाशगंगेच्या मध्याला प्रदक्षिणा घालतो. मध्यापासून तो सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर आहे. वेग सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सांगलीहून पुण्याला एका सेकंदात. तरी एक फेरी पूर्ण व्हायला त्याला साधारण 23 कोटी वर्षं लागतात. मागच्या खेपेला तो या ठिकाणी होता तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर नुकतेच उदयाला येत होते. सूर्याचं वय 460 कोटी वर्षं धरलं तर त्याच्या जेमतेम वीस प्रदक्षिणा झाल्या आहेत. आमच्या गल्लीतल्या आजी मंदिरात रोज एकशे आठ घालतात.

आता फिरण्याचे प्रकार बघा. जात्याची पाळी फिरते तेव्हा मध्य आणि कड एकदमच फेरी पूर्ण करतात, कारण तो एकच दगड आहे. कडेला लांबचं अंतर कापायचं असतं म्हणून कड जास्त वेगाने जाते. ग्रहांचं तसं नाही. बुध सूर्याच्या जवळ, तो सेकंदाला 47 किलोमीटर धावतो. आपली पृथ्वी 30. सगळ्यात लांबचा नेपच्यून साडेपाचही नाही, आणि एका फेरीला त्याला 165 वर्षं लागतात. याचं कारण असं की सूर्यमालेतलं जवळजवळ सगळं वजन एकट्या सूर्यात आहे. जसजसं लांब जावं तसतशी त्याची ओढ कमी होते, आणि ओढ कमी तर वेगही कमी ठेवावा लागतो.

माझ्या माहेरी शाळूच्या शेतात गोफण असायची. (पाखरांना दगड मारायला नव्हे. आजोबा नुसती रिकामी फिरवून आवाज करायचे, आणि पाखरं उडायची.) ज्यांनी गोफण हातात धरली आहे त्यांना माहीत असेल, जितकी जोरात फिरवावी तितका हाताला जास्त ताण बसतो. हात सैल पडला की दगड सुटलाच. ताऱ्यांचंही तेच आहे. तारा किती वेगाने फिरतो हे कळलं की त्याला धरून ठेवणारी ओढ किती हे काढता येतं, आणि ओढीवरून आतल्या बाजूला वजन किती हेही. म्हणजे ही एक प्रकारची खतावणीच झाली. एका बाजूला वेगावरून निघणारं वजन, दुसऱ्या बाजूला डोळ्यांना दिसणाऱ्या तारे-वायूंचं वजन. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत.

दीर्घिकेचा फोटो तुम्ही पाहिला असेल. मध्ये लख्ख उजेड, कडेकडेला विरळ होत जाणारा. उजेड मध्ये म्हणजे वजनही मध्ये, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. त्यामुळे कडेचे तारे नेपच्यूनसारखे सावकाश चालत असणार, यात कुणाला शंका नव्हती. मोजून बघायची गरजही फार जणांना वाटली नव्हती.

मोजलं व्हेरा रूबिन या बाईंनी.

या बाईंबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्या मला आपल्यातल्याच वाटल्या. जन्म 1928 सालचा, अमेरिकेतला. दहा-बारा वर्षांच्या असताना पलंगावर पडून खिडकीतून तारे बघत जागायच्या. वडिलांच्या मदतीने त्यांनी पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण केली. पुढे लग्न झालं, चार मुलं झाली. पहिलं बाळ महिन्याभराचं असताना त्यांचा एक निबंध शास्त्रज्ञांच्या सभेत वाचायचा होता. प्राध्यापक म्हणाले, “तुम्हाला जमायचं नाही, मी माझ्या नावाने वाचतो.” बाई म्हणाल्या, मी येते. आईवडिलांबरोबर बर्फातून गाडीने गेल्या, निबंध वाचला, लोकांनी टीका केली, परत आल्या आणि घराला लागल्या. पीएच.डी. केली ती रात्रीच्या वर्गांना जाऊन. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून नवरा सोडायला जायचा आणि वर्ग सुटेपर्यंत गाडीतच बसून डबा खायचा. मुलांना त्यांची आई सांभाळायची. (त्या नवऱ्याबद्दल एक वेगळा लेख व्हायला हवा.)

पॅलोमारच्या मोठ्या वेधशाळेत तेव्हा बायकांना अधिकृतपणे वेध घेऊ देत नसत. 1965 साली रूबिनबाईंना ती परवानगी मिळाली. तिथे बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. बाईंनी कागदाचा छोटासा झगा कापला आणि पुरुषांच्या दारावरच्या चित्राला चिकटवला. म्हणाल्या, झालं आता बायकांचं.

त्यांचे सहकारी होते केंट फोर्ड. त्यांनी अंधुक प्रकाशाचाही वर्णपट टिपणारं एक उपकरण तयार केलं होतं. ते घेऊन दोघांनी अॅरिझोनातल्या दुर्बिणींमधून देवयानी दीर्घिका तपासायला घेतली. मिरज स्टेशनवर उभं असताना येणाऱ्या गाडीची शिट्टी बारीक ऐकू येते आणि गाडी पुढून निघून गेली की तीच जाड होते. प्रकाशाचंही तसंच होतं. जवळ येणाऱ्या वायूचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्याचा तांबड्याकडे. किती सरकला त्यावरून वेग निघतो. दीर्घिका फिरते म्हणजे तिची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते. दोघांनी मध्यापासून कडेपर्यंत 67 ठिकाणचे तप्त वायूचे ढग मोजले आणि 1970 साली ते प्रसिद्ध केलं.

कडेचे ढग सावकाश नव्हते. वेग कमी व्हायला हवा तिथे झालाच नव्हता, बाहेर जावं तरी जवळपास तोच. बाईंना वाटलं की ही एकच दीर्घिका अशी असेल. पुढे 1978 साली दहा आणि 1980 साली एकवीस दीर्घिकांची मोजमापं प्रसिद्ध झाली. सगळीकडे तेच. रेडिओ दुर्बिणींनी तर तारे संपल्यावरही पुढे पसरलेला हायड्रोजन वायू मोजता येतो. आपल्या पुणे जिल्ह्यात खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत ना, त्यांनीही दीर्घिकांमधला हा वायू मोजला जातो. तिथेही वेग उतरत नाही.

एवढ्या वेगाने जाणारा तारा खरं तर गोफणीतल्या दगडासारखा सुटून जायला हवा. सुटत नाही. म्हणजे कुणीतरी धरून ठेवलं आहे, आणि जे दिसतं त्याच्या वजनात तेवढी ताकद नाही.

माझा मुलगा म्हणाला, “आई, मध्ये कृष्णविवर आहे ना, ते धरत असेल.” मी आकडा काढला. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातल्या कृष्णविवराचं वजन सुमारे 40 लाख सूर्यांएवढं. ऐकायला प्रचंड. त्याच्या अगदी जवळचा एक तारा सोळा वर्षांत त्याच्याभोवती फेरी मारतो. ते ज्यांनी मोजलं त्यात अँड्रिया गेझ या बाई होत्या, त्यांना 2020 साली नोबेल मिळालं. पण सूर्याच्या कक्षेच्या आत सगळं मिळून साधारण दहा हजार कोटी सूर्यांएवढं वजन आहे. त्यात 40 लाख म्हणजे पंचवीस हजारांत एक रुपया. त्याच्या जिवावर दुकान चालत नाही.

आता मी माझ्या विषयावर येते. लग्नानंतर पुष्कळ वर्षं मी सासरच्या हळदीच्या अडतीच्या वह्या लिहिल्या. तेरीज काढली की कधी कधी दोन बाजूंत फरक यायचा. मामंजींचा एक नियम होता. फरक अकरा रुपयांचा असला तरी खिशातून घालून तेरीज जुळवायची नाही. फरक सस्पेन्स खात्यावर टाकायचा, तारीख घालायची आणि शोधत राहायचं. ते म्हणायचे, “खिशातून घातलेस की तो फरक कुणाला कधी सापडणारच नाही.” कधी महिन्याने एखाद्या गाडीभाड्याची चिठ्ठी मिळायची, कधी बेरजेतच घोळ असायचा.

कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, हे विश्वाचं सस्पेन्स खातं आहे. त्या नावाचा पदार्थ कुणी अजून बाटलीत भरून आणलेला नाही. वेगावरून निघणारं वजन आणि दिसणारं वजन यातला जो फरक, त्याला दिलेलं ते नाव आहे. तसा फरक 1933 साली फ्रिट्झ झ्विकी यांनाही दीर्घिकांच्या एका समूहात दिसला होता, पण तो फारसा कुणी मनावर घेतला नव्हता. आणि हा फरक अकरा रुपयांचा नाही. विश्वातल्या एकूण पदार्थात साध्या, आपल्या ओळखीच्या पदार्थाच्या पाचपटीहून जास्त असा न दिसणारा पदार्थ धरावा लागतो. व्यापाऱ्याच्या वहीत एवढा फरक आला तर तो आडवाच होईल.

फरक दोन तऱ्हांनी मिटू शकतो, हे वह्या लिहिणाऱ्या कुणालाही माहीत असतं. एखादी नोंद राहिली असेल, किंवा बेरजेचा नियमच चुकला असेल. आकाशाच्या हिशोबात दोन्ही झालेलं आहे. युरेनसची चाल जुळत नव्हती, तेव्हा पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह असावा असं गणित मांडलं आणि 1846 साली नेपच्यून सापडला. ती राहिलेली नोंद होती. बुधाची चालही थोडी जुळत नव्हती. तिथेही लोकांनी लपलेला ग्रह शोधला, तो काही मिळाला नाही. शेवटी 1915 साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्याने मांडला तेव्हा बुध जुळला. ताऱ्यांच्या बाबतीत बहुतेक शास्त्रज्ञ राहिलेली नोंद शोधत आहेत. जमिनीखाली खोल खाणींमध्ये उपकरणं लावून बसले आहेत. थोडे जण म्हणतात की नियमच बदला. मोर्देहाय मिलग्रोम यांनी 1983 पासून तसा प्रस्ताव मांडलेला आहे. खातं उघडंच आहे.

आणि म्हणूनच तो मेसेज मला खटकला. दुसऱ्याच्या उघड्या खात्यात आपण खिशातून रुपये घालून तेरीज जुळवतो आहोत.

बरं, घालतो ते तरी बरोबर आहे का? आपल्या शास्त्रात धर्मद्रव्याचं लक्षण काय आहे ते आठवा. ते जीव आणि पुद्गलांना गतीत साहाय्य करतं, पाण्याने माशाला करावं तसं. ते स्वतः हलत नाही, कुणाला ढकलत नाही, ओढत नाही. अमूर्त आहे, त्याला स्पर्श, रस, गंध, वर्ण नाही. सगळ्या लोकाकाशात एकसारखं व्यापलेलं आहे. आणि कृष्णद्रव्य? त्याचं सगळं काम ओढण्याचंच. ते एका ठिकाणी दाट, दुसऱ्या ठिकाणी विरळ. ओढत नाही ते, आणि ओढण्याशिवाय ज्याची ओळखच नाही ते, एक कसं होईल? मी मंडळात एवढंच विचारलं. हे विज्ञानासाठी नाही, धर्मद्रव्यासाठी विचारलं. उद्या शास्त्रज्ञांनी म्हटलं की कृष्णद्रव्य नव्हतंच, नियम बदलला, तर आपण काय धर्मद्रव्यही सोडून देणार?

नातीचा खरा प्रश्न मात्र याहून अवघड होता. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात मनुष्यलोकातले सूर्य-चंद्र, ग्रह, नक्षत्रं, तारे मेरूला अखंड प्रदक्षिणा घालतात असं आहे. जंबूद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र सांगितले आहेत. ती म्हणाली, “मग सूर्य मेरूभोवती फिरतो की आकाशगंगेच्या मध्याभोवती?”

मी योजनांची प्रकाशवर्षं करायला बसले नाही. मेरू म्हणजे आकाशगंगेचा मध्य, असंही सांगितलं नाही. सांगायला सोपं होतं, आणि तिने बहुधा दोन वर्षं मानलंही असतं. मी म्हटलं, परीक्षेत सूर्याच्या गतीबद्दल विचारलं तर दुर्बिणीने मोजलेलं लिही, ते मोजलेलं आहे. आणि बारा भावनांतली लोकभावना म्हणताना या अफाट लोकात आपला जीव किती भटकला आहे त्याचं चिंतन कर, कारण ती त्यासाठीच आहे. ती म्हणाली, “म्हणजे दोन वह्या?” म्हटलं, माझ्याकडे तरी दोन आहेत. रूबिनबाई ज्यू होत्या, त्यांनीही आपलं विज्ञान आणि आपला धर्म वेगवेगळे आहेत असं सांगितलं होतं. धर्म त्यांच्या दृष्टीने नीतीची चौकट आणि आपल्या लोकांचा इतिहास असा होता. माझ्यासाठी धर्म तेवढाच नाही, माझ्यासाठी तो मोक्षमार्ग आहे, म्हणून त्यांचं उत्तर मला पूर्ण पुरत नाही. नातीलाही पुरलं नसावं. ती पाठशाळेला कधी येते, कधी येत नाही. अभिषेकाला मात्र गेल्या रविवारी माझ्याबरोबर आली, न बोलावता.

मंडळातला अबोलाही थोडा सैल झाला आहे. ज्येष्ठ ताईंनी परवा फोन करून विचारलं, “ती देवयानी कुठं दिसते हो?”

तर त्यांच्यासाठी आणि तुम्हा सगळ्यांसाठी. दिवाळीचा धूर विरला की कार्तिकातल्या अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणं आटोपतात, त्यामुळे आठ-साडेआठला हात मोकळे असतात. गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहा. इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखे पाच तारे दिसतील, ती शर्मिष्ठा. त्या ‘एम’ची डावीकडची टोकदार बाजू वर जिकडे रोखलेली आहे, तिकडे हात लांब करून दीड मूठभर अंतर मोजा. डोक्यावरच्या बाजूला, रांगोळीचं बोट पुसलं गेल्यासारखा एक फिकट डाग दिसेल. थेट रोखून बघू नका, जरा बाजूला बघितलं की तो जास्त दिसतो. तो उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. शहरात नुसत्या डोळ्यांनी जमणार नाही, मुलांची बायनॉक्युलर घ्या. आपल्याला दिसतो तो मधलाच उजेड. रूबिनबाईंनी मोजलेल्या कडा त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पूर्णचंद्र मावतील इतक्या लांब पसरलेल्या असतात, त्या आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत.

टॉर्च जिन्यापुरता लावा, पायाखाली जीव असतात. वर पोहोचल्यावर दहा मिनिटं बंद ठेवा.